तळमजला वर आणण्याबाबत

शेवटी लिफ्ट चालली. एका गुरुवारी सकाळी, चांगली वीस मिनिटं, दिव्या-पंख्यासकट, तळापासून थेट सहाव्या मजल्यापर्यंत. मात्र सोसायटीच्या इतिवृत्तात ही घटना घडलेली नाही. तिच्याविरुद्ध रीतसर ठराव झाला आहे आणि त्याला अनुमोदकही मिळाला आहे. तेव्हा वरची दोन वाक्यं आपण वाचलीच नाहीत असं समजू, आणि लिफ्ट बंद आहे इथून सुरुवात करू.

तर लिफ्ट बंद होती. तिच्या दारावर 'तूर्त बंद' अशी पाटी होती आणि त्या 'तूर्त'ला सात वर्षं होऊन गेली होती. मध्यंतरी पाटीचा रंग उडाला म्हणून सोसायटीने ती नव्याने रंगवून घेतली. देखभालीच्या नावाखाली लिफ्टवर झालेलं तेवढं एकच काम.

सहाव्या मजल्यावर आपला कारकून, त्याची बायको आणि त्याची आई राहत. पहिली पाच वर्षं आई जिना चढली-उतरली. मग तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला, आणि पुढची दोन वर्षं ती खाली आली नाही. तळमजल्यावर मावशी राहायची. मावशी म्हणजे सख्खी नव्हे, चाळीस वर्षांची मैत्रीण. तिच्याही गुडघ्यांनी त्याच वर्षी तोंड फिरवलं, म्हणजे ती वर येण्याचा प्रश्न मिटला. रोज संध्याकाळी पाचला मावशी इमारतीसमोरच्या बाकावर बसून वर बघायची आणि आई गॅलरीत उभी राहून खाली बघायची. फोन होता दोघींकडे. पण आईचं म्हणणं, बाकावर शेजारी बसून न बोलण्यात जी मजा आहे ती फोनवर येत नाही. फोनवर जरा गप्प बसलं की मावशी हॅलो हॅलो करते.

आईच्या चपला दाराशीच असायच्या. आत नाही, कपाटात नाही, दाराशी, टाचा भिंतीकडे आणि अंगठे जिन्याकडे. दर रविवारी ती त्या पुसायची. बायकोने एकदा त्या आत ठेवू का असं विचारलं, तर आई म्हणाली, "असू देत गं. ऐनवेळी शोधत बसायला नको."

आता कारकून नोकरीला कुठे होता, तर उद्वाहन निरीक्षण कार्यालयात. अख्ख्या शहरातल्या लिफ्टांच्या फायली त्याच्या टेबलावरून जात. स्वतःच्या इमारतीची फाईल मात्र त्याला हात लावता येत नव्हती, कारण लिफ्ट सुरू झाली तर त्याचा फायदा होणार आणि नियमात त्याला हितसंबंध म्हणतात. तरी त्याने अर्ज केला. आवक टेबल त्याचंच, त्यामुळे अर्ज त्याच्याकडेच आला. त्याने त्यावर शेरा लिहिला की संबंधित कर्मचाऱ्याचा हितसंबंध असल्याने कार्यवाही करता येत नाही, आणि तसं पत्र अर्जदाराला, म्हणजे स्वतःला, पाठवलं. पत्र घरी आल्यावर त्याला वाईट वाटलं. पण भाषा चांगली होती, हे त्याने मान्य केलं.

मग त्याने ठरवलं, कादंबरी लिहायची.

हा निर्णय वाटतो तितका वेडेपणाचा नव्हता. सोसायटीचा सेक्रेटरी पहिल्या मजल्यावर राहत असे. विनंती, तक्रार, आरोग्यावरचं व्याख्यान, सगळं त्याच्यावर करून झालं होतं. राहिला होता फक्त उपहास. साऱ्या गावाने हसून हसून सेक्रेटरीला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही की तो शरमेने लिफ्ट दुरुस्त करेल आणि आई बाकावर जाऊन बसेल, असा साधा हिशोब. आठ महिने त्याने डबा खायच्या सुट्टीत लिहिलं. लिहिताना तो इतका हसायचा की शेजारच्या टेबलावरची टायपिस्ट त्याला पाणी आणून द्यायची.

कादंबरीचं नाव 'तूर्त बंद'. चौदा मजल्यांची इमारत, बंद लिफ्ट आणि अकलेशी सोयरसुतक नसलेला एक सेक्रेटरी. तो लिफ्टवर एक समिती नेमतो, समितीवर दुसरी, दुसरीवर तिसरी. सहाव्या मजल्यावर एक म्हातारी चपला दाराशी ठेवून वाट बघतेय. अकरा समित्या झाल्यावर रहिवासी एकमताने ठराव करतात की तळमजला हाच यापुढे चौदावा मजला मानण्यात यावा. सगळे एकदम घरी पोचतात आणि एकमेकांना मिठ्या मारतात.

प्रकाशक परीक्षांची गाईडं छापणारा होता. लिफ्ट या विषयावर बाजारात काहीच नाही, एवढं बोलून त्याने हस्तलिखित ठेवून घेतलं.

पुस्तक आलं. सेक्रेटरी दोन दिवस कुठे दिसला नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात गाठ पडली, तेव्हा सेक्रेटरीने त्याचे दोन्ही हात हातात घेतले. डोळे भरून आलेले.

"काय उतरवलाय हो तो," सेक्रेटरी म्हणाला. "मागच्या गल्लीतल्या सोसायटीचा सेक्रेटरी ना? हुबेहूब. अगदी बोलण्याची लकबसुद्धा."

कारकून म्हणाला, "तो नाही."

"नाव नका सांगू, कळतंय मला. लेखकाला जपूनच राहावं लागतं."

मागच्या गल्लीतल्या सेक्रेटरीने पुस्तकाच्या दहा प्रती घेऊन ओळखीच्या सेक्रेटऱ्यांना वाटल्या. त्या सेक्रेटऱ्यांनी आणखी पुढच्यांना वाटल्या. शहरातल्या झाडून सगळ्या सेक्रेटऱ्यांनी पुस्तक वाचलं आणि प्रत्येकाला दुसराच दिसला. पहिली आवृत्ती महिन्यात संपली.

आणि कुणी हसलं नाही. वाचून लोक गंभीर होत. चौथ्या मजल्यावरचे काका पुस्तक मिटून अर्धा तास भिंतीकडे बघत बसले, हे काकूंनी येऊन कौतुकाने सांगितलं. कारकुनाने विचारलं, तळमजल्याच्या ठरावापाशी तरी हसू आलं असेल? काकूंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने कुणाच्या तेराव्याला विनोद सांगितला होता.

मग समीक्षा सुरू झाल्या.

पहिली एका साप्ताहिकात आली. तिच्यात लिहिलं होतं की ही कादंबरी विनोदी नाही हेच तिचं सर्वांत मोठं यश. दुसरीत म्हटलं होतं की लेखकाने जिन्यावर अन्याय केला असून त्याला दुय्यम भूमिका दिली आहे. तिसरी एका इंजिनियरने लिहिली. तिच्यात दोरखंडाच्या जाडीविषयी चार रकाने होते आणि शेवटी 'भाषा बरी' असा उल्लेख होता. चौथ्या परीक्षणात मात्र एक वाक्य असं होतं, की सहाव्या मजल्यावरच्या वृद्धेचं पात्र अविश्वसनीय असून कोणीही माणूस इतकी वर्षं निमूटपणे वाट पाहणार नाही.

कारकुनाने तो अंक लपवला. पण आईला दिवसभर दुसरं काम नव्हतं, तिने तो शोधून काढला. संध्याकाळी तो घरी आला तेव्हा ती चष्मा हातात घेऊन बसली होती.

"मी पटत नाही त्यांना," ती म्हणाली.

"आई, ते पात्राबद्दल आहे."

"तेच म्हणतेय. काय करायला हवं होतं मी? आरडाओरडा?"

बायको म्हणाली, तसा थोडा केला असता तर पुढच्या आवृत्तीत घेता आला असता. कारकुनाला तिच्या बोलण्यातला टोमणा कळला, आणि तो आपल्यालाच होता हेही कळलं.

इथवर सगळं ठीक म्हणावं असंच होतं. पण मग थोर समीक्षकाने लेख लिहिला. हा गृहस्थ एवढा थोर होता की त्याने निंदा केली तरी लेखक पेढे वाटल्यासारखी कात्रणं वाटत. त्याने कारकुनाची निंदा केली नाही. स्तुती केली, आणि तिथेच घात झाला. अकरा पानांच्या त्या लेखाचा सारांश असा, की बंद लिफ्ट हे माणसाच्या असण्याचंच चिन्ह आहे, आणि ती कधीतरी सुरू होईल ही हलकी आशा लेखकाने शेवटपर्यंत कटाक्षाने नाकारली यातच त्याचं मोठेपण आहे. कारकुनाने लेख तीनदा वाचला. आशा नाकारल्याचं त्याला आठवेना. त्याच्या मते त्याने ती प्रत्येक पानावर मागितली होती.

या लेखानंतर पाचवी, सहावी आणि सातवी आवृत्ती निघाली.

कार्यालयात साहेबांनी बोलावून घेतलं. कारकुनाला वाटलं, आता कारणे दाखवा नोटीस. साहेबांनी खुर्ची दिली. पुस्तकात त्यांनी रंगीत चिठ्ठ्या लावल्या होत्या.

"पान दोनशे बारा," साहेब म्हणाले. "तळमजला हाच वरचा मजला मानावा. ही कल्पना तुमची स्वतःची?"

"साहेब, ती थट्टा आहे."

"असू द्या. शहरात तीनशे सहा लिफ्ट बंद आहेत. दुरुस्तीला सहा वर्षं लागतील. हे एका परिपत्रकात होतंय."

आणि झालं. पंधरवड्यात परिपत्रक निघालं, संदर्भ म्हणून कादंबरीचं नाव आणि पान क्रमांकासकट. ज्या इमारतींनी ठराव करून मजल्यांचे क्रमांक बदलले, त्यांच्या तक्रारी निकाली काढण्यात आल्या. कार्यालयाची कामगिरी इतकी सुधारली की साहेबांना बढती मिळाली. परिपत्रकाची स्वच्छ प्रत कारकुनालाच करावी लागली. स्वतःच्या कादंबरीतला सर्वांत हास्यास्पद परिच्छेद सरकारी कागदावर उतरवताना त्याला एक चूक सापडली, ती त्याने सुधारली. सवयीचा परिणाम.

दरम्यान इमारतीत वाचक येऊ लागले. ते जिन्याखाली उभे राहून लिफ्टच्या दाराकडे बघत आणि हलक्या आवाजात बोलत. सेक्रेटरीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्याने लिफ्टसमोर दोरी बांधली, वह्या ठेवल्या, अभिप्राय मागवले. मग एक काचेचं कपाट आणलं आणि सहाव्या मजल्यावर येऊन आईला नमस्कार केला. कादंबरीत म्हातारीच्या चपलांचा उल्लेख नऊ वेळा आहे, वाचक त्यांच्याबद्दल विचारतात, दोनच दिवसांसाठी मिळाल्या तर बरं. आई संकोचली. कुणी असं चपला मागायला येण्याची तिला सवय नव्हती. तिने त्या पुसून दिल्या. सेक्रेटरीने पोचपावती दिली, 'वृद्धेच्या चपला, जोड एक, सुस्थितीत', आणि ती आईने दागिन्यांच्या डब्यात ठेवली.

दोन दिवसांचे चार महिने झाले. दाराशी आता दोन पावलांएवढी स्वच्छ जागा तेवढी उरली होती, आणि आई ती झाडून घेत असे.

मग कारकुनाने ठरवलं, साहित्य गेलं खड्ड्यात. त्याने आपला एक मेकॅनिक आणला. मेकॅनिकने दोरीखालून वाकून लिफ्टची पेटी उघडली, आत बघितलं, आणि सांगितलं की एक वायर सुटलीये, बाकी यंत्र ठणठणीत आहे. जोडायला पाच मिनिटं. सात वर्षं, अकरा पानांचा लेख, सात आवृत्त्या आणि एक परिपत्रक, सगळं एका वायरवर उभं होतं. कारकून जिन्याच्या पायरीवर बसला.

पण सेक्रेटरी धावत आला. हात लावायचा नाही. लिफ्ट आता वाङ्मयीन वारसा समितीकडे सोपवली आहे आणि समितीचे अध्यक्ष थोर समीक्षक आहेत.

कारकून त्यांच्या घरी गेला. पुस्तकांनी कोंबलेल्या खोलीत समीक्षकाने त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. आईचे गुडघे, मावशी, बाक, वायर.

"लिफ्ट दुरुस्त करणं म्हणजे संहितेत फेरफार करणं," समीक्षक म्हणाले.

"पण संहिता माझीच आहे. मी परवानगी देतो. लेखी देतो."

समीक्षक कनवाळूपणे हसले. कारकुनाच्या कादंबरीसंदर्भात हसलेला हा पहिला माणूस. "पुस्तक छापलं की लेखकाचा त्याच्यावरचा हक्क संपतो. खरं सांगू? या विषयावर ज्यांचं मत सर्वांत शेवटी विचारावं असे तुम्ही आहात."

"मग पहिल्यांदा कुणाचं विचारायचं?"

"माझं," समीक्षक म्हणाले, आणि त्यांनी ते दिलं होतंच.

निरोप देताना ते म्हणाले की गुरुवारी लिफ्टपाशी फलकाचं अनावरण आहे, मातोश्रींना घेऊन या. मातोश्री खाली येऊ शकत नाहीत, असं कारकुनाने सांगितलं. "उत्तम," समीक्षक म्हणाले. "मी भाषणात घेतो."

आता तो गुरुवार, जो घडला नाही.

सकाळी दहाला खाली शंभरएक माणसं जमली. माईकवाल्याला जवळपास कुठे वीज मिळेना. त्याने लिफ्टची पेटी उघडी बघितली, आत एक वायर लोंबत होती, ती त्याने आपल्या सोयीच्या ठिकाणी जोडली. माईक सुरू झाला. त्याच क्षणी लिफ्टमध्ये दिवा लागला, पंखा फिरला, आणि थोर समीक्षक आशेच्या अशक्यतेवर बोलायला उभे राहत असताना त्यांच्या पाठीमागे लिफ्ट हळूहळू वर गेली. शंभर माणसांनी पाहिलं. कुणी काही बोललं नाही, कारण भाषण चालू होतं.

कारकून जिन्याने वर धावला. सहाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. आत उजेड होता. दारात आई उभी होती. बटणापाशी दिवा लागलेला दिसताच तिनेच ते दाबलं होतं. केस नीट केलेले, हातात रुमाल, एक पाय उचललेला. आणि अनवाणी.

बायकोने आपल्या चपला पुढे केल्या होत्या. आईने त्या बाजूला सारल्या. "दोन वर्षांनी उतरणार, ते दुसऱ्याच्या चपलांत? मावशी आधी पायांकडे बघते. जा, माझ्या आण पटकन."

कारकून म्हणाला, राहू दे ना, चल. पण आईचा चेहरा पाहून तो वळला आणि सहा मजले खाली आला. कपाटाला कुलूप होतं. सेक्रेटरीने भाषण मोडू नये म्हणून कुजबुजत सांगितलं, मूळ पोचपावती लागेल. कारकुनाने जिन्याच्या पोकळीतून वर हाक मारली. बायकोने डबा उघडला, पावती कपड्याच्या चिमट्यात अडकवून वरून सोडली. ती तिसऱ्या मजल्याच्या कठड्याला अडकली. तो वर गेला, घेऊन आला. सेक्रेटरीने पावतीवरचा मजकूर वाचला, चपला उलटसुलट करून सुस्थितीत असल्याची खात्री केली आणि सही मागितली. कारकुनाने सही केली, चपला छातीशी धरल्या आणि वर पळाला. चौथ्या मजल्यावर असताना खाली टाळ्या वाजल्या. भाषण संपलं होतं. माईकवाला कामाचा माणूस. टाळ्या थांबायच्या आत त्याने वायर काढली.

सहाव्या मजल्यावर लिफ्ट उभी होती, दार उघडं, आत काळोख. आई अजून दारातच. कारकुनाने चपला तिच्या पायांपुढे ठेवल्या. तिने त्या घातल्या, उजवी आधी, मग डावी.

"घट्ट झाल्यात जरा," ती म्हणाली.

मग ती चपला घालूनच गॅलरीत गेली. खाली गर्दी पांगत होती. मावशी बाकावरून उठली होती, काठीवर रेलून, लिफ्टच्या दाराकडे तोंड करून उभी. तिने दिवा वर जाताना पाहिला होता. ती दार उघडायची वाट बघत होती. आईने फोन केला आणि येत नाही एवढंच सांगितलं. मावशी खाली बसली. दोघींनी फोन ठेवला नाही, आणि त्या दिवशी मावशीने एकदाही हॅलो म्हटलं नाही.

रविवारच्या सभेत ठराव झाला की सदर घटना घडलेली नाही. घडली असं मानल्यास लिफ्ट नादुरुस्त नसल्याचं मान्य करावं लागेल. लिफ्ट सहाव्या मजल्यावरच अडकून राहिल्याने वाचकांची गैरसोय होऊ लागली, कारण एवढे जिने चढून तिचं दर्शन घेणं वयस्कर वाचकांना जमेना. त्यांच्यासाठी काहीतरी केलं पाहिजे, असं सभेत सर्वांनाच वाटलं. एक समिती नेमण्यात आली. समीक्षकांनी पुढल्या लेखात लिहिलं की लिफ्ट चालल्याची अफवा ही कादंबरीच्या वाढत्या दंतकथेचाच भाग आहे. आठवी आवृत्ती निघाली.

सोमवारी कारकून कार्यालयात लवकर गेला. कोरा कागद घेतला, परिपत्रक समोर ठेवलं, आणि अर्ज लिहून आवक टेबलावर, म्हणजे आपल्याच पुढ्यात, ठेवला. शिक्का मारला. तो असा:

"विषय : तळमजला वर आणण्याबाबत.

महोदय,

उपरोक्त परिपत्रकान्वये इमारतीतील कोणताही मजला ठरावाद्वारे अन्य मजला मानता येतो, असे आपल्या कार्यालयाने मान्य केले आहे. अर्जदाराची आई खाली येऊ शकत नाही व तळमजल्यावरील मावशी वर येऊ शकत नाही. लिफ्ट दुरुस्त करावी अशी अर्जदाराची मागणी नाही. तसे करणे वाङ्मयाच्या दृष्टीने अयोग्य असल्याचे त्यास समजावण्यात आले आहे. तरी सदर इमारतीचा तळमजला, समोरील बाक व त्यावर बसलेल्या व्यक्तीसह, आठवड्यातून एकदा, सायंकाळी पाच ते साडेसहा या वेळेत सहाव्या मजल्यावर आणण्यात यावा, व कार्य झाल्यावर तो काळजीपूर्वक पूर्ववत खाली ठेवण्यात यावा, ही नम्र विनंती.

अर्जदाराचा हितसंबंध आहे."